ढगांचे चाक

घड्याळजीला सगळ्या गल्लीची वेळ सांभाळता येत असे, स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तेवढा सांभाळता येत नसे. आता यात सगळा दोष त्या बिचाऱ्याचाच होता असेही नाही. त्याच्या घरचे लोक सूर्यावर वर्ष मोजणारे आणि बायकोच्या माहेरचे चंद्रावर. लग्नाच्या वेळी बायकोने एकच अट घातली होती, वाढदिवस आमच्या महिन्यांप्रमाणे करायचा. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे तारीख दर वर्षी अलीकडे सरकायची आणि हा गडी दर वर्षी उशिराच पोहोचायचा.

गेल्या वर्षी तो फुले घेऊन आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, झाला की परवाच! राहू द्या पाण्यात, पुढच्या वर्षी चालतील." मग शांतपणे बजावले, "पुढच्या वेळी चुकलात, तर मी सरळ भावाकडे राहायला जाईन. बसा मग तुमच्या टिकटिकीशी बोलत."

बाई बोलल्याप्रमाणे करणारी होती. घड्याळजीच्या तोंडचे पाणी पळाले. चंद्राची तारीख दाखवणारे घड्याळच करायचे असे त्याने ठरवले, पुस्तके आणली, आणि बघता बघता बायकोचा धाक राहिला बाजूला, माणूस त्या विषयाच्या प्रेमातच पडला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला धरून सांगू लागला, "अहो, काय डोक्याची माणसं होती! नदीला पूर कधी येणार ते कळावं म्हणून कुणी पहाटे एका ताऱ्याची वाट बघितली आणि त्यावरून अख्खं वर्ष मोजलं. कुणी चंद्र-सूर्याचं भांडण मिटवायला मध्येच तेरावा महिना घातला. हातात ना दुर्बीण, ना घड्याळ!"

"ते सगळं खरं हो," गिऱ्हाईक म्हणे, "पण माझं घड्याळ कधी देताय?"

शेवटी घड्याळ झाले. तबकड्या तीन. एक सूर्याची, एक चंद्राची आणि एक तेरावा महिना घालणाऱ्यांची. पितळी चाके अशी फिरत की बघत राहावे. चंद्राच्या तबकडीने वाढदिवसाची तारीख दाखवली, त्या दुपारी त्याने दोन्हीकडच्या नातेवाइकांना जेवायला बोलावले. कशासाठी ते सांगितले नाही. एवढेच म्हणाला, "ती शाळेतून येईपर्यंत गुपचूप बसा. चकार शब्द काढायचा नाही."

बायको शाळेत शिकवून घरी आली तर दारात चपलांचा हा ढीग! आत बघते तो सगळे नातेवाईक ओळीने बसलेले, आणि एकाच्याही तोंडातून आवाज नाही.

"कोण... कोण गेलं?" तिने विचारले.

चकार शब्द काढायचा नव्हता, म्हणून कुणीच काढला नाही. ती उंबऱ्यातच बसली आणि हमसून हमसून रडू लागली. तिचे बघून तिची मावशीही रडायला लागली. कोण गेले ते मावशीला माहीत नव्हते, पण गेल्याचे दुःख तिला खरेच झाले होते.

"अगं, कुणी गेलं नाही!" घड्याळजी धावत आला आणि त्याने घड्याळावरचे कापड ओढले. "वाढदिवस आहे आपला! मी चुकलो नाही!"

शिंपीकाम करणाऱ्या मेहुण्याने घसा खाकरला. "दाजी, वाढदिवस उद्या आहे."

"शक्यच नाही! माझं घड्याळ बघ!"

"घड्याळ झकासच आहे हो. पण आमच्याकडे चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय नवा महिना लागत नाही. काल ढग होते. मान मोडेस्तोवर उभे होतो गच्चीवर. म्हणजे आज जुन्याच महिन्याचा शेवटचा दिवस, आणि तुमचं लग्न तर पहिल्या तारखेचं."

घड्याळजी मटकन खाली बसला. "आता ढगांचं चाक कुठून आणू मी?"

बायकोने डोळे पुसले. "म्हणजे यंदाही चुकलातच. भरू बॅग?"

"थांब गं," मेहुणा म्हणाला. "आपला दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. संध्याकाळी पहिली तारीख लागेल. दाजी चुकले नाहीत, जरा लवकर आले एवढंच."

"ठीक आहे. मग सूर्य मावळेपर्यंत पानं वाढायची नाहीत."

पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मावशी आता भुकेने रडकुंडीला आली. मेहुणा मात्र सगळी दुपार घड्याळापुढून हलला नाही. "हजारो वर्षं माणसं माना वर करून बसली, दाजी, आणि तुम्ही ते सगळं एका पेटीत आणलंत," असे तो म्हणाला, तेव्हा घड्याळजीला भरून आले.

सूर्य मावळला. टाळ्या झाल्या, केक आला. बायको घड्याळाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"माझ्यासाठी केलंत हे सगळं?" ती हळूच म्हणाली. "जन्मात पहिल्यांदाच वेळेआधी आलात हो!" मग तिचे लक्ष केकवर गेले. "तेहतीस? अहो, आपल्या लग्नाला चौतीस झाली."

"तेहतीसच गं! बोटांवर मोज."

"बोटांवर कशाला? त्यालाच विचारा ना."

घड्याळजीने चंद्राची चाके लग्नाच्या दिवसापर्यंत मागे फिरवली. दर वर्षीचे अकरा दिवस साठून साठून अख्खे एक वर्ष जमले होते. तबकडी चौतीस दाखवत होती.

"बघा," बायको सुरी हातात घेत म्हणाली, "तुम्ही एक वर्ष मागेच आहात."