ठोकून बसवलेली खोली

या भाऊ, टेका इथं बाजेवर. असा किस्सा ऐकवतो की पोट धरून हसाल!

आमच्या पोराचं, किरणचं, लग्न जमत आलं होतं. मुलगी नशिराबादची, कामिनी. पोरगा पसंत, पोरगी पसंत, बठ्ठं पसंत! पण मुलीच्या आत्यानं, ताईबाईनं, फोनवर अट घातली. "पोरीला दार लावता येईल अशी स्वतःची खोली पाहिजे. आधी खोली बघू, मग सुपारी फोडू."

मी म्हटलं, "अक्का, खोली काय, किल्ला बांधतो!"

खोलीचं जोतं झालं, आत भराव टाकायची वेळ आली. जीवराम मिस्त्री म्हणाला, "नाना, मुरूम आना."

"वावरात एवढी काळी माती पडलीय, मुरूम कशाला?"

"काळी शे ती. पाणी पिली का फुगस. अन् कोरडी जितकी दाबशात तितकी जास्ती फुगी."

"अरे, ठोकून ठोकून तिचा दगड करतो! फुगायला दमच ठेवत नाही!"

मातीवर धुम्मस मारून मारून माझे खांदे गेले. तेवढ्यात शेजारच्या नथ्थूच्या पोराची हळद लागली. डीजे आला, नाचायला गल्ली पुरेना. मी हात जोडून उभा. "मंडळी, माझं जोतं मोकळंच शे. या, नाचा!"

काय नाचली मंडळी! नवरदेवाचे मामे असे आदळत होते की रोडरोलरनं लाजावं. माती वीतभर खाली बसली. मी वर अजून एक ट्रॉली ओतली. डीजेवाला वायरी गुंडाळायला लागला, तर मीच ओरडलो, "अजून एक होऊ दे!" नथ्थूच्या डोळ्यांत पाणी! म्हणे, "नाना, माझ्या पोराच्या लग्नाचा इतका आनंद सख्ख्या भावालाही नाही झाला!"

मग भिंती उठल्या, फरशी बसली, सागाचं दार लागलं. दाराखालून मुंगीनं वाकून जावं, असं चपखल! पाहुणे यायचे म्हणून कूलर आणला. आमच्या नरडाण्याचं ऊन ते! खोली आधीच गार व्हावी म्हणून आठवडाभर चालूच ठेवला. त्याची टाकी गळत होती. आमची पुष्पाबाई, म्हणजे घरचं सरकार, म्हणाली, "अवो, इतकं पाणी गळतंय अन् फरशी कोरडी. जातं कुठं?"

"हवेत! त्याचाच तर गारवा शे!"

मुलीचे वडील झुलालभाऊ अन् ताईबाई आले. दार जरा घासत होतं. म्हटलं, नवं शे, अवघडतं. पाहुण्यांना आत घेतलं, कूलरसमोर बसवलं अन् दाराला खांदा दिला. "बघा अक्का, कसं लागतं!"

लागलं. अन् उघडेना!

आता त्या ठोकलेल्या मातीला आत हलायला आम्ही जागाच ठेवली नव्हती, भाऊ. कूलरचं गळकं पाणी पिऊन काळी वर उठली, फरशी डोक्यावर घेऊन, थेट दाराच्या बुडाशी! झुलालभाऊंनी ओढलं. मी ओढलं. कडीच हातात आली!

ताईबाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "कौतिकभाऊ, लागतं कसं ते बघितलं. आता उघडतं कसं ते दाखवा."

किरण बाहेरून खिडकीशी आला. "आबा, दार कापू?"

"खबरदार! साग शे तो!"

"अन् आत पाहुणे शेत, आबा!"

पोरगं भर उन्हात उभं राहिलं. गजांतून आधी पाणी, मग वाटीवाटीनं भरीत, मग एकेक पुरी तिरकी करून आत. "अक्का, भरीत तिखट शे, जपून." त्यांचं जेवण झाल्यावरच करवत घेतली. दाराला खाली भोक पाडलं. खुराड्यातून कोंबडी निघावी तशा ताईबाई रांगत बाहेर! मागून झुलालभाऊ. मी डोळेच मिटले. गेलं लग्न!

ताईबाईंनी लुगडं झटकलं. "पोरगा पक्का. सुपारी फोडा. पण तारीख नाही! ही माती बठ्ठी बाहेर काढा, मुरूम भरा, फरशी घाला. मी पुन्हा येऊन बघेन. मग तारीख!"

तेव्हापासून खणतोय भाऊ. वरची चिकट, पायातून सुटत नाही. खालची अशी बसलीय की कुदळ टणकन परत येते! किरण रोज जेवताना विचारतो, "आबा, किती राहिलं?" पोराचं तोंड बघवत नाही हो.

तर, हसून झालं असेल तर... ती दुसरी कुदळ तुमच्याच बाजूला शे. उचला ना जरा.