डावी मूठ

सिंगापूरच्या पश्चिम भागात 'फ्रॉस्ट बे' नावाचा एक बंदिस्त हॉल होता. बाहेर बत्तीस अंश तापमान असायचं, आत उणे पाच. मुलांना बर्फ दाखवावा म्हणून आईबाप त्यांना तिथे घेऊन येत आणि परत जाताना सर्दी घेऊन जात. हॉलमध्ये एक स्नोमोबाइल होती. मोटारसायकलला पुढे चाकाऐवजी घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा पट्टा लावला की जे वाहन तयार होईल, ते. आत धूर नको म्हणून ती बॅटरीवर चालायची. तिच्या मागे लाकडी घसरगाडी जोडून मुलांना बर्फावरून एक फेरी मारून आणत.

२०१४च्या जून महिन्यात, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असताना, या स्नोमोबाइलच्या हँडलची डावी मूठ तापेनाशी झाली.

स्नोमोबाइलच्या दोन्ही मुठींच्या रबराखाली तापणारी तार असते. थंड वाऱ्यात चालवणाऱ्याची बोटं बधिर होऊ नयेत एवढाच तिचा उद्देश. उजव्या अंगठ्यानं वेग वाढवायचा, डाव्या बोटांनी ब्रेक दाबायचा. म्हणजे बोटं बधिर झाली तर गाडी पळते, पण थांबत नाही.

गाडी चालवायचे ते हमीद अंकल. पूर्वी बस चालवत, निवृत्तीनंतर इथे लागले होते. त्या दिवशी डावा हात काखेत खुपसून ते देखभाल विभागात आले आणि म्हणाले, "बॉस, उजवा हात सौनामध्ये, डावा फ्रोझन प्रॉन. कॅनॉट लाइक धिस, लाह."

देखभाल विभाग म्हणजे प्रबोध साठये. पुण्याचा इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला. पासची मुदत सप्टेंबरात संपत होती आणि कंपनीनं नूतनीकरणाचा अर्ज केला तरच पुंगोलचा फ्लॅट, मुलीची शाळा आणि बायकोनं बाल्कनीत वाढवलेला कढीपत्ता, हे सगळं जागच्या जागी राहणार होतं. प्रबोधनं मल्टीमीटर काढला. स्विच ठीक होता. कनेक्टरपर्यंत वीज येत होती. उजव्या मुठीचं रीडिंग योग्य आलं, डाव्या मुठीत मात्र तार तुटलेली दिसली. हँडल वळवताना ती दर वळणाला वाकत होती. ती कधीतरी तुटायचीच. कारखान्यानं गाडीबरोबर मुठींची एक जादा जोडीही पाठवली होती आणि ती कपाटात पडून होती. तासाभराचं काम.

ते त्यानं तासाभरात करून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. परंतु प्रबोध प्रामाणिक माणूस होता. त्यानं आधी ईमेल केला.

दुसऱ्याच दिवशी नीलिमा रणदिवेंनी त्याला बोलावलं. त्या मूळच्या दादरच्या, आता सिंगापूरच्या नागरिक आणि नियम पाळले जातात की नाही ते बघणाऱ्या, कंपनीच्या अनुपालन विभागाच्या प्रमुख. मीटिंगमध्ये सगळे त्यांना नीलिमा म्हणत. दार बंद असलं की प्रबोध ताई म्हणायचा.

"प्रबोध, तू लिहिलंयस की डावी मूठ गरम होत नाही."

"हो, ताई."

"म्हणजे उजवी होते?"

"होते की. एकदम व्यवस्थित."

नीलिमाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"गाडी आणली तेव्हापासून."

"आणि हे तू कोणाला सांगितलं नाहीस! हॉलमध्ये उष्णता निर्माण करणारं कुठलंही उपकरण चालवायचं नाही, हा आपला नियम आहे. लोकांच्या पॉवर बँकासुद्धा आपण दारात ठेवून घेतो. डावी मूठ नियमात बसते, प्रबोध. बिघाड उजवीत आहे."

प्रबोधनं तोंड उघडलं, सप्टेंबर आठवला आणि मिटलं. त्याच दुपारी त्यानं उजव्या मुठीचा कनेक्टर सोडवला. 'दोन्ही हातांच्या तापमानातील तफावत दूर करण्यात आली' असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली.

आता अंकलचे दोन्ही हात गारठू लागले. कंपनी निर्दय नव्हती. तिनं त्यांना उत्तम प्रतीचे जाड हातमोजे दिले. ते इतके उत्तम होते, की आत अंगठा वेगाच्या खटक्यावर आहे की नाही हे खुद्द अंगठ्याला कळत नसे. तिसऱ्या फेरीत गाडी सुसाट निघाली आणि प्लास्टिकच्या इग्लूसमोर उभ्या केलेल्या पेंग्विनला जाऊन धडकली. मुलं खूश झाली. पेंग्विनची चोच गेली. चौकशी समितीनं हातमोज्यांना दोषी ठरवून त्यांच्यावर बंदी घातली.

मग ठरलं, की दर फेरीनंतर चालकानं बाहेर उन्हात जाऊन हात शेकावेत. अंकल बाहेर गेले की मुलं घसरगाडीत कुडकुडत बसून राहायची, म्हणून दुसरा चालक नेमला. मग दोघे आळीपाळीनं ये-जा करू लागले. दार सारखं उघडू लागलं. दमट हवा आत शिरून हॉलमध्ये धुकं साचलं आणि बर्फाचा चिखल होऊ लागला. चिखल होऊ नये म्हणून तापमान उणे नऊवर नेलं. उणे नऊमध्ये चालकांचे हात आणखी लवकर गारठू लागले, म्हणून ते आणखी वेळा बाहेर जाऊ लागले. यातला प्रत्येक निर्णय बरोबर होता. प्रत्येकावर तीन जणांच्या सह्या होत्या.

अखेर संचालक मिस्टर तेओ यांनी स्वतः लक्ष घातलं. चालकांना बाहेर जावं लागू नये म्हणून हॉलच्या आतच काचेची एक खोली बांधायची, त्यात हीटर लावायचे आणि तिला 'हँड कम्फर्ट लाउंज' म्हणायचं.

प्रबोधनं भीत भीत विचारलं, "पण आत उष्णतेचं उपकरण चालत नाही ना?"

"हे उपकरण नाही," नीलिमाताई म्हणाल्या. "ही खोली आहे."

लाउंज झाली. आत गवती चहाचा सुगंध सोडला होता. अंकल फेरी मारून येत, काचेआड दोन्ही तळवे हीटरसमोर धरून उभे राहत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, चाललीय कसली तरी पूजा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका शनिवारी गाडीपुढे एक लहान मुलगी पाय घसरून पडली. अंकलनी ब्रेक दाबला. म्हणजे, दाबला असं त्यांना वाटलं. बोटं मिटलीच नव्हती. त्यांनी अख्खं मनगट ब्रेकवर आपटलं तेव्हा गाडी थांबली. गाडीची घसरपट्टी आणि त्या मुलीची लोकरी टोपी यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती. मुलगी हसत उठली आणि पळून गेली. अंकल कितीतरी वेळ गाडीवरून उतरलेच नाहीत. प्रबोध हे सगळं वीस पावलांवरून बघत होता.

त्या संध्याकाळी पुंगोलला जेवायच्या टेबलावर त्यानं बायकोला, उल्काला, सगळं सांगितलं. उल्का बँकेत नोकरीला होती. समित्या तिला नवीन नव्हत्या.

"जादा जोडी आहे म्हणतोस ना कपाटात?"

"आहे."

"मग बसव की."

"पासचं काय? नीलिमाताई म्हणाल्या..."

"त्या पोरीच्या आईला सांगता येईल का तुला हे कारण?" उल्कानं त्याच्या पानात आमटी वाढली. "जेव आता. आणि सोमवारी बसवून टाक."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रबोधनं गाडी कार्यशाळेत घेतली. जुन्या मुठी कटरनं उभ्या चिरून काढल्या, दांड्यावरचा वाळलेला गोंद खरवडला, नवीन गोंद लावून मुठी जोर लावून आत सरकवल्या. हँडल पूर्ण वळवलं तरी ताण येऊ नये म्हणून या वेळी तार थोडी सैल सोडली. कनेक्टर जोडून स्विच दाबला. अंकलनी दोन्ही मुठी धरल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"वाह, बॉस! गरम काया टोस्ट हातात धरल्यासारखं वाटतंय."

प्रबोधला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी जाताना त्यानं मुलीसाठी आइस्क्रीम घेतलं.

चोरी महिन्याभरात उघडकीला आली. ती मुठी गरम लागल्यामुळे नव्हे, कारण मुठींना समितीतल्या कोणी कधी हात लावलेला नव्हता. लाउंजमध्ये कोणी जाईना, म्हणून चौकशी झाली. आणि लाउंज तर दोनच आठवड्यांनी 'कर्मचारी कल्याणातील नवोपक्रम' या पारितोषिकासाठी परीक्षकांना दाखवायची होती.

"तू बिघाड दुरुस्त केलास?" नीलिमाताईंनी विचारलं. दार उघडं होतं, म्हणून प्रबोधनं ताई म्हटलं नाही.

"हो. एक मुलगी थोडक्यात वाचली. ब्रेक..."

"कोणाला विचारून?"

मिस्टर तेओ मात्र चिडले नाहीत. ते प्रेमानं म्हणाले, "प्रबोध, तू हुशार आहेस. पण प्रॉब्लेम गेला, देन आवर सोल्यूशन हाउ? या खोलीवर बारा लोकांचं काम अवलंबून आहे. त्यांचा विचार केलास?" प्रबोधनं तो केलेला नव्हता. "बिघाड पूर्ववत कर. ब्रेकची काळजी नको. आपण गाडीचा वेग कमी करू आणि पुढे झेंडा घेऊन एक माणूस चालवू." मग त्यांनी टेबलावरून दोन कागद त्याच्यापुढे सरकवले. एक पासच्या नूतनीकरणाचा अर्ज होता, सही व्हायचा. दुसरा 'व्यवस्थापक, हँड कम्फर्ट' या पदावरच्या नेमणुकीचा.

प्रबोध कार्यशाळेत गेला. मग त्यानं आधी डावा कनेक्टर सोडवला, नंतर उजवा. अंकल दारात उभे होते. ते दोन्ही हात काखेत घालून आत निघून गेले.

पारितोषिक मिळालं. ऑक्टोबरच्या सुट्टीत मुंबई-पुण्याकडच्या सहली येऊ लागल्या, तेव्हा त्यांना लाउंज दाखवायचं काम मराठीतून प्रबोधच करू लागला. काचेआड अंकल हात शेकत असत. बाहेर झेंडेवाल्यामागून गाडी इतकी सावकाश सरकत असे, की मुलं मधेच उतरून, पेंग्विनला टपली मारून, पुन्हा चढून बसत.

एका घोळक्यातल्या टोपीवाल्या काकांनी चष्मा पुसून पुसून तो सगळा देखावा पाहिला. त्यांना गहिवरून आलं.

"ड्रायव्हरचे हात गारठतात म्हणून स्वतंत्र खोली! हीटर! सुगंध! याला म्हणतात सिस्टिम!" ते बाकीच्यांकडे वळले. "आपल्याकडे असतं ना, तर काय झालं असतं सांगू? आला असता कोणीतरी खिशात पकड घेऊन, आणि वायर जोडून मोकळा झाला असता."

सगळे खो खो हसले. पाठोपाठ प्रबोधही हसला, आता त्याच्या कामात ते येतच होतं. मग सगळ्यांनी काचेपुढे उभं राहून अंकलसकट फोटो काढून घेतला. चेहरे हुडीत आणि मफलरमध्ये गुंडाळलेले, त्यामुळे कोण कोण हसलं ते फोटोत नीट ओळखू येत नाही.

तुम्ही कोणत्या साली गेला होतात म्हणालात, सिंगापूरला?