फाटक्या कोपऱ्याचं पत्र

बालाजीच्या संग्रहाला अख्ख्या बसवकल्याणात तोड नव्हती, असं निदान बालाजीचं ठाम मत होतं! हायस्कुलातला हा मास्तर जुन्या पत्रांच्या मोजक्या प्रती जमवायचा. अक्षरांचे खिळे जुळवून, हातकागदावर, हातयंत्रावर छापलेल्या. आज टपालानं यायचं होतं, वेढ्यात अडकलेल्या एका किल्लेदाराचं बायकोला पत्र. प्रती फक्त चाळीस! मूळ पत्राचा कोपरा फाटका, म्हणून छापणाऱ्यानं चाळीसही कोपरे हातानं तस्सेच फाडलेले. या बारकाव्यावर तर बालाजी फिदा होता.

तिसऱ्या तासाला आईचा, सुशीलाबाईंचा फोन आला.

"कोपरा फाडलेलं पत्र आलंय रे! कोण गेलं आपलं?"

मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, ते ठीक. पण असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचलं की चिंध्या!

"आई, हात लावू नको!"

"मी कशाला लावू? गावाकडून, कोहिनूरहून तुझे ग्यानबाकाका आलेत. ते फाडतील की."

बालाजीनं मोटारसायकल अशी पळवली, की हँडल त्याला धरून बसलं होतं. दारात चपलांचा ढीग. आत पाच बायका पाच वेगवेगळ्या माणसांसाठी रडायलेल्या. बायको शिवकन्या माहेरी फोन लावत होती. एकेक जण जिवंत निघत होता, तशी तिची भीती वाढत होती.

ग्यानबाकाकांनी पत्र विंचवासारखं चिमटीत धरलेलं.

"मोडी हाय. तू वाच, मग फाडतो."

"काका, हे मयताचं न्हाई! तो म्हणायलाय, मी खुशाल आहे!"

रडणं थांबलं.

"मग कोपरा कामून फाडला?" काकांनी विचारलं.

"छापणाऱ्यानं. मुद्दाम."

"कवा लिवलंय?"

"अडीचशे वर्षं झाली," बालाजी म्हणाला.

"आन् आता कुठं असतो ह्यो?"

बालाजीनं पत्राकडे हात पुढे केला.

"म्हंजे गेलाच की रे!"

बायकांनी पुन्हा सूर धरला आणि टर्रकन आवाज झाला. मग आणखी एक.

बालाजी मटकन खाली बसला आणि त्यानं असा हंबरडा फोडला, की पाचही बायका आदरानं गप्प झाल्या.

काकांनी पाठीवरून हात फिरवला. "रड बाबा. लांबचा व्हता का जवळचा?"

"लई जवळचा, काका!"

"व्हय? मग तीन न्हाई, धा दिवसांचं सुतक," काका म्हणाले, आणि त्यांनी न्हाव्याला फोन लावला.