चौसष्ट आवर्तनं आणि एक ठोका

खोब्रागडे सर दळण घेऊन येतात तेव्हा त्यांच्या एका हातात गव्हाचा डबा असतो आणि दुसऱ्या हातात तुराटी. तुरीचं वाळलेलं झाड असतं ना, त्याची हातभर लांब, सरळ, सोललेली काडी. डबा ते मला देतात, तुराटी देत नाहीत. चक्की सुरू झाली की दारात उभे राहून ते तुराटीनं चक्कीला इशारे करू लागतात. हळू, हळू, आता जोरात, आता सांभाळून. चक्की त्यांचं ऐकत नाही, माझं ऐकते. पण दळण संपून मी बटण बंद केलं की ते तुराटी झटक्यात खाली आणतात आणि माझ्याकडे असं पाहतात, जसं काही आम्ही दोघांनी मिळून मोठं काम पार पाडलं.

आमच्या आर्णीत त्यांना सगळे सर म्हणतात, पण ते कोणत्याच शाळेत शिकवायला नव्हते. ते लाइनमन होते. जन्मभर खांबावर चढून खालच्या माणसाला हातानं सांगत आले, चालू कर, बंद कर, दूर हो. निवृत्तीनंतर खांब सुटला, हात सुटले नाहीत. घरी कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ते तर्जनी वर करतात आणि शिट्टी झाली की मान झुकवतात. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, याचा भारी राग आहे. “भाजी मी शिजवतो, शिट्टी कुकर देते, अन् मान हे झुकवून राह्यले,” असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या आहेत.

एवढ्यावर राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण सरांनी मुलांचा वाद्यवृंद काढला.

तीन पेट्या, दोन व्हायोलिनं, पाच बासऱ्या, एक बेंजो, ढोलकी, डिमडी, माउथ ऑर्गन, ज्याच्या घरी जे होतं ते. मुलं बावीस. तालीम दर रविवारी सकाळी सरांच्या अंगणात. गावात आर्केस्ट्रा म्हटला की गाणारा एक, गाणारी एक आणि मध्ये मध्ये विनोद सांगणारा एक, अशी आमची समजूत. सरांच्या आर्केस्ट्रात गाणंच नव्हतं. “मंग आर्केस्ट्रा कायचा?” असं पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, तेव्हा सरांनी त्याला अर्धा तास उभं करून समजावलं. त्या माणसाचं पान तोंडातच विरलं. त्यानंतर तो प्रश्न गावात कोणी विचारला नाही.

सर एका तालमीत तीन तुराट्या मोडतात. तूर निघाली की कोणाच्या तरी शेतातून वर्षभराचा भारा आणून ठेवतात. एकदा काकूंनी त्यातल्या अर्ध्या चुलीत घातल्या, पाणी तापवायला. सर त्या पाण्यानं आंघोळ करायला तयार नव्हते.

त्यांचे नियम दोनच. पहिला, सरांचा हात वर आहे तोवर कोणी वाद्य खाली ठेवायचं नाही, मग अंगणात साप निघो. दुसरा नियम त्यांच्या बोलण्यात इतक्यांदा यायचा की काकूंच्या पोपटानंही तो उचलला होता : “दाखवाले कोणी नाही.” म्हणजे त्यांच्या वाद्यवृंदात गर्दी दिसावी म्हणून कोणाला उभं करायचं नाही. प्रत्येकाला एकट्याचं काहीतरी वाजवायला मिळालंच पाहिजे. त्या वेळी बाकीचे सगळे गप्प. अंगणातल्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावलेला होता. त्यात मुलाचं नाव, वाद्य आणि त्याला एकट्याला किती वेळा वाजवायचं आहे त्याचा आकडा. कार्यक्रमाच्या पत्रकावर त्यांनी ‘बावीस बाल एकलवादक’ असं छापून घेतलं. बावीस जण एकल कसे, हे छापखानेवाल्यानं विचारलं म्हणतात. त्यालाही अर्धा तास लागला.

माझी मुलगी समीक्षा अकरा वर्षांची. तिच्या नावापुढे लिहिलं होतं : घंटा, १.

घंटा म्हणजे शाळेनं टाकून दिलेला रुळाचा तुकडा. सरांनी स्वतः बांधलेली ‘आर्णीची सकाळ’ नावाची चीज होती. ती चौसष्ट आवर्तनांची, प्रत्येक आवर्तन आठ मात्रांचं. त्रेसष्ट आवर्तनं सगळे वाजवणार. चौसष्टावं पूर्ण गप्प, आठच्या आठ मात्रा. त्यानंतर समीक्षानं त्या रुळावर हातोडीनं एक ठोका मारायचा. मग शाळा भरली, सकाळ संपली, चीज संपली.

एका ठोक्यासाठी पोरगी पाच महिने तालमीला जात होती. घरी काहीही करताना मोजायची. “भाजी वाढू का?” म्हटलं की हातानं थांबवायची, “एकेचाळीस.” दात घासताना मोजायची. एकदा मी तिला दुकानात पाठवलं तर बावन्नपर्यंत पोहोचली आणि साखर विसरून आली. ती रात्री काय स्वप्न पाहते मला माहीत नाही, पण सकाळी उठताना ओठ हलत असायचे.

शेवटी मी सरांना चक्कीवरच धरलं. म्हटलं, सर, पेटीवाल्या पोरीले सोळा वेळा, बेंजोवाल्याले नऊ, अन् माह्या पोरीले एक? माझं घर चक्कीच्या मागेच आहे, ठोके मारायचेच असतील तर चक्कीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावताना दिवसाला हजार मारू देईन.

सर माझ्यावर चिडले नाहीत. तुराटी काखेत धरून म्हणाले, “ताई, एक हाये. शून्य नाही.”

“एकात अन् शून्यात असा किती फरक हाये?”

“लय,” एवढंच बोलून त्यांनी डबा उचलला.

आता यातली गंमत अशी की खुद्द सर काही वाजवत नसत. त्यांच्याकडे एक जुनी क्लॅरिनेट होती. दर रविवारी काळ्या पिशवीतून ती तालमीला यायची, शेजारच्या खुर्चीवर ठेवली जायची आणि तालीम संपली की पिशवीत जायची. मुलं म्हणायची, सर, वाजवून दाखवा ना. सर म्हणायचे, आज हवा दमट आहे. उन्हाळ्यात हवा कोरडी असायची. थंडीत दात दुखायचा. एका रविवारी हवा ठीक होती, दात ठीक होता, तेव्हा ते म्हणाले आज ग्रहण आहे. ढोलकीवाल्या पोरानं कालनिर्णय आणून पाहिलं. ग्रहण नव्हतं.

कार्यक्रम गावातल्या मंगल कार्यालयात संध्याकाळी पाचला ठरला. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातल्या एका माजी सभापतींना बोलावलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. मंडप आणि माईक गजूभाऊंचा, आणि ज्याचा माईक त्याचंच निवेदन, अशी आमच्याकडची पद्धत. पाहुण्यांचा सोफा पहिल्या रांगेत लावून झाल्यावर गजूभाऊंच्या लक्षात आलं की सर तर सोफ्याकडे पाठ करून उभे राहणार.

“भाऊसाहेबाइले पाठ दाखवता?” गजूभाऊ म्हणाले.

सरांनी समजावलं की वाद्यवृंदात असंच असतं, तोंड मुलांकडे लागतं. पुन्हा अर्धा तास जाईल असं दिसताच गजूभाऊंनी चार पोरं लावून सोफा उचलला आणि नेऊन ठेवला स्टेजवर, मुलांच्या मागे. म्हणजे सरांचं तोंड मुलांकडेही आणि भाऊसाहेबांकडेही. सगळ्यांना हे फार आवडलं.

कार्यक्रम सुरू झाला. सरांनी तुराटी घेऊन दोन्ही हात वर केले. भाऊसाहेब उठून उभे राहिले.

ते उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली. पहिली रांग उभी म्हणून सगळं कार्यालय उभं राहिलं. राष्ट्रगीत असेल असं समजून माझ्या शेजारच्या बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सरांची नजर पेट्यांवर होती आणि पाठीमागचं काही त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी हात खाली आणला, पेट्या सुरू झाल्या, भाऊसाहेब बसले, सगळे बसले. सातव्या आवर्तनाला बासऱ्यांसाठी पुन्हा हात वर. पुन्हा भाऊसाहेब, पुन्हा पहिली रांग, पुन्हा आम्ही. चौथ्या वेळेपर्यंत लोकांना सवय झाली. ज्यांचे गुडघे दुखतात ते अर्धे उठून थांबू लागले. मध्येच सरांनी बेंजोला जोरात वाजव म्हणून तुराटीनं खूण केली, तर भाऊसाहेबांनी मान हलवून सोफ्यावर एक जागा सरकून घेतलं.

पण मुलं चांगली वाजवत होती. मी काही जाणकार नाही, मला पट्टा घसरला तर कळतं आणि दगड घासला तर कळतं. इथे काही घसरत नव्हतं. प्रत्येकाची एकट्याची जागा आली, बाकीचे गप्प झाले, त्यानं वाजवलं, सरांनी मान झुकवली. कोपऱ्यात रुळाच्या तुकड्याजवळ समीक्षा हातोडी घेऊन उभी होती, ओठ हलत होते. मीही मोजायला लागले होते, पाच महिने ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.

आणि चौसष्टाव्याला सगळं गप्प झालं.

संपलं असं समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. गजूभाऊंनी माईक ओढला आणि आभार मानायला सुरुवात केली, कारण भाऊसाहेबांना पुढे महागावला एका लग्नाला जायचं होतं. सरांचा हात वरच होता. गजूभाऊ बोलता बोलता शाल घेऊन आले. हात वर असल्यामुळे सरांच्या खांद्यांवर शाल घालता येईना, म्हणून त्यांनी ती त्या वर केलेल्या हातावरच टाकली आणि फोटो काढून घेतला. सरांनी हात खाली केला नाही. त्यामुळे बावीसच्या बावीस मुलांनी वाद्यं खाली ठेवली नाहीत. भाऊसाहेब निघायला उठले, त्या हाताकडे पाहिलं आणि परत बसले.

शाल सरांच्या हातावर लोंबत होती. समीक्षा माझ्याकडे पाहत होती. तिनं हातोडी दोन्ही हातांनी धरली होती. गजूभाऊ फुलवाल्यापासून वाजंत्रीवाल्यापर्यंत एकेकाचे आभार मानत होते, आणि एकदा हार पडले, लोक उठले की तो ठोका कोणी ऐकणार नव्हतं.

मी उठले. चक्कीवाल्या बाईला मशीन बंद करायला वेळ लागत नाही. भिंतीजवळ जाऊन मी माईकचा प्लग ओढला.

गजूभाऊंचं तोंड थोडा वेळ हलत राहिलं. मग ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “गजूभाऊ, खाली बसा. अजून झालं नाही.”

ते बसले. कार्यालय शांत झालं. सरांनी डाव्या हाताची बोटं वर केली आणि समीक्षाकडे पाहून नव्यानं मोजलं. एक, दोन, तीन. पंख्याचा आवाज येत होता. सहा, सात, आठ. तुराटी खाली आली.

ठण्.

तो आवाज बराच वेळ राहिला. या वेळी भाऊसाहेब कोणाच्या हाताकडे न पाहता उभे राहिले. समीक्षानं हातोडी खाली ठेवली आणि नाक पुसलं.

नंतर खुर्च्या आवरताना समीक्षानं सरांच्या पिशवीतून क्लॅरिनेट काढली आणि फुंकली. काहीच वाजलं नाही. तिनं गाल फुगवून पुन्हा फुंकली. मग खालच्या तोंडातून आत पाहिलं आणि म्हणाली, “सर, यात तं फडकं हाये.”

सर शालीची घडी घालत होते. ते तिला म्हणाले, असू दे. मी मात्र विचारलं.

तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये होते. लग्नघराशी ठरलेली माणसं एकवीस, वाजवणारे चौदा. उरलेले सात जण टोपी, कोट घालून नुसते हातात वाद्य धरून चालायचे. चुकून फुंकलं तर बेसूर वाजेल म्हणून मालक वाद्यात फडकं कोंबून द्यायचा. गाल कसे फुगवायचे तेवढं शिकवायचा. सर अकरा सीझन तसे चालले.

“लोक माह्याकडे पाहून म्हणत, हा पोरगा काय वाजवते,” सर म्हणाले. “नातेवाईक म्हणत. तुमची काकू म्हणे, आमच्या लग्नाच्या आधी.”

“मंग आता तरी काहून नाही काढलं ते फडकं?”

“काढलं तं वाजवा लागन, ताई.”

मी खुर्च्या मोजून गजूभाऊंना दिल्या आणि प्लगबद्दल त्यांचं जे म्हणणं होतं ते ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी समीक्षाला बोलवायला मी सरांच्या अंगणात गेले, तेव्हा तक्त्यासमोर भांडण चाललेलं होतं. समीक्षानं तक्त्याच्या तळाशी पेनानं एक ओळ वाढवली होती : खोब्रागडे सर, घंटा, १. सर म्हणत होते, हवा दमट आहे. समीक्षा म्हणत होती, घंटेला हवा लागत नाही. पोपट म्हणाला, दाखवाले कोणी नाही. काकू दारातून म्हणाल्या, “मारा न एक. मले कुकर लावाचा हाये.”

मग तुराटी समीक्षाच्या हातात गेली आणि हातोडी सरांच्या. मुलांनी वाजवायला घेतलं. सर रुळाजवळ उभे राहून मोजत होते, ओठ हलत होते, कपाळावर घाम होता. त्रेसष्ट झालं. चौसष्टावं गप्प झालं. मी मनातल्या मनात आठपर्यंत मोजलं, नववी मात्रा आली आणि गेली. सरांची हातोडी हवेतच होती.

समीक्षाचा हात वरच होता. तिनं तो खाली आणला नाही. बाकीच्या एकवीस जणांत कोणीही वाद्य खाली ठेवलं नाही.

मग ठोका पडला. चांगला दोन मात्रा उशिरा, आणि रुळाच्या मधोमध न बसता कडेला. काकूंनी मान झुकवली. दळणाला लोक येऊन थांबले असतील म्हणून मी चक्की उघडायला निघून आले.