हिरामण अप्पांचं क्रीम

आमचे हिरामण अप्पा दुकानात आलेल्याला "या, बसा" म्हणत नाहीत. "हात दखाडा," म्हणतात. आपण हात पुढे केला की तो उलटा करतात, चष्मा कपाळावर सरकवून पेरं तपासतात आणि निकाल देतात, "कोल्ला शे!" म्हणजे कोरडा.

अप्पा नंदुरबारात बायकांचे ब्लाउज शिवतात. हिवाळ्यात बोटं खरखरीत झाली की रेशमाचा धागा अडकतो, आणि तेलकट मलम लावावं तर कापडावर डाग पडतो. त्यामुळे बोटं मऊ करणारं पण डाग न सोडणारं क्रीम, हा अप्पांच्या आयुष्याचा प्रश्न झाला.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मेडिकलवाल्याला पार रडवलं. गुलाबाच्या वासाचं क्रीम परत केलं. "वास कशाले? मन्हा हात काय वरातमा जाई ऱ्हायनात का?" मग पाच बोटांना पाच क्रीमं लावली, नखांवर खडूनं नंबर घातले. दोन दिवस चमच्यानं जेवले. तिसऱ्या दिवशी विसरून आंघोळ केली आणि नंबर गेले. तीन नंबर जिंकला होता, पण तीन नंबर कुठला, ते देव जाणे.

शेवटी मेडिकलवाल्यानं युरियाचं क्रीम दाखवलं. अप्पा दोन पावलं मागे सरले.

"युरिया? कपाशीले टाकतस तो? मन्हा हातले बोंडं येतीन ना!"

पण लावलं, आणि तेच चाललं. हात धुऊन ओलसर असतानाच चोळायचं आणि दहा मिनिटं कशाला शिवायचं नाही. "दहा मिनिटं मन्हा हात सुट्टीवर शेत," म्हणत ते हात वर धरून बसत. एकदा त्यांचा फोन मला त्यांच्या कानाला लावून उभं राहावं लागलं. पलीकडून त्यांचे साडू गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगत होते.

मी ब्लाउज न्यायला गेले होते त्या दिवशी रूथबाई आली. ती नवापूरकडची; मिरचीच्या हंगामात इथल्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला येते. सोबत लग्नाची मुलगी होती. अप्पांनी मुलीचा रेशमी ब्लाउज पुढे केला, तर रूथबाईनं हात पदराआड घेतले.

"तुमीच पिशवीत घाला, अप्पा. माझे हात मिरचीचे. धागा निघंल."

मिरचीची आग उतरावी म्हणून अप्पांनी तिला आधी खोबरेल तेल चोळायला लावलं, मग साबणानं हात धुवायला. युरियाची ट्यूब बाजूला ठेवली. "हाई तुन्हा चिराले झोंबी," म्हणत दुसरं, साधं क्रीम दिलं. दहा मिनिटं तिला खुर्चीत बसवलं. मग ब्लाउज तिच्या हातात ठेवला. तिनं हळूच तळवा फिरवला. धागा अडकला नाही. रूथबाई हसली, ब्लाउज खाली ठेवला आणि तोच तळवा मुलीच्या गालावरून फिरवला. मुलगी लाजली.

अप्पा एकदम टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. दोघी गेल्या तरी वर येईनात.

"काय हरवलं, अप्पा?"

"काही नही." ते तसेच खाली बसून राहिले. "मन्ही माय पथारीवर जाये. मन्हा तोंडवरथून कधी हात फिरावे नही. पोऱ्याले आग व्हई, म्हने."

मीही टेबलाशी खाली बसले.

"दूरथीन दखे," अप्पा म्हणाले. "दखीसन हासे."