टिकलीचं पूर्ण वाक्य

एका जंगलात, बाळांनो, सगळी मुलं दिवसभर बाहेरच असायची. आत जायला तिथे काही नव्हतंच.

चितळांची पाडसं, रानडुकरांची पिल्लं, सशांची पोरं, सगळी सकाळपासून उंडारायची. बोरीखाली बोरं खायची, नाल्यात चिखल उडवायची आणि त्या उंडारण्यातच कधीतरी बोलायला लागायची. कुणी शिकवलं, असं विचारलं तर कुणाला सांगता आलं नसतं. तुम्हाला आईशी वाद घालायला कुणी शिकवलं? तसंच ते.

त्या जंगलाची एक रीत होती. बिबट्या ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं. झाडावरच्या वानरांनी खोकल्यासारखं 'खॅक' म्हणायचं, खालच्या चितळांनी 'क्याँव' म्हणायचं. एवढंच. ते ऐकलं की सगळ्यांनी आधी पळायचं आणि मग विचारायचं. ओरडणारा थोर आहे की पोर, हे पळता पळता बघायचं. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलं होतं, आणि आजोबा-पणजोबा म्हातारे होऊन मेले होते, म्हणजे रीत बरी असावी.

या जंगलात रेवा नावाची एक चितळीण राहायची. तिला एक मुलगी होती, टिकली. टिकली आठ महिन्यांची झाली तरी बोलत नव्हती.

ती काय करायची? ऐनाच्या झाडाखाली उभी राहायची. त्या झाडावर आप्पा नावाचा म्हातारा वानर पहाऱ्याला बसायचा. तो वरून अर्धी खाल्लेली फळं टाकायचा, टिकली ती खायची. आणि खाताना तिचे कान फिरत राहायचे. आप्पा नुसता कूस बदलून बसला तरी कान वर. सुतारपक्षी थांबला तरी कान तिकडे.

रेवाचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

"आप्पाजी," ती म्हणायची, "शेजारचं पोट्टं कवाचं बोलून राह्यलं. माही पोरगी कधी बोलन जी?"

"आयकून राह्यली नं ते," आप्पा म्हणायचा. "आधी कान भरते, मंग तोंड उघडते. कायले घाई करतं वं?"

पण शेजारचं पोर बोलत असताना कुठल्या आईला धीर धरवतो? तुमच्या आईला विचारा. किंवा नका विचारू.

अशात एक दिवस शहरातून एक मैना आली. ती सात वर्षं एका बंगल्याच्या गच्चीत पिंजऱ्यात होती. त्या गच्चीत चार कुंड्या होत्या, त्यामुळे तिचा निसर्गाचा अभ्यास दांडगा होता. आल्या आल्या तिनं पालकांची सभा घेतली.

"पालकांनो," मैना म्हणाली, "मुलांना निसर्गाच्या सान्निध्यात नेलं की त्यांची भाषा सुधारते. पानं, फुलं, माती हाताळली की शब्द वाढतात. हे आता सिद्ध झालं आहे. तुम्ही तुमच्या मुलांना निसर्गात नेता का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"निसर्ग कुठंसा येतो जी?" एका रानडुकरानं विचारलं.

मैनेनं मान हलवली. किती मागासलेपण आहे, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रानडुक्कर खाली बसलं. त्याला आपलीच लाज वाटली.

तुम्ही हसताय, बाळांनो. पण मागच्या सुट्टीत तुम्हाला कुठल्या शिबिरात घातलं होतं आणि तिथे चिखलात खेळायला कितव्या तासाला सोडायचे, ते आठवा आणि मग हसा.

ठरलं. ऐनाच्या झाडाभोवतीची वीस पावलं जागा बांबूचं कुंपण घालून बंद केली. एक फाटक ठेवलं. फाटकावर पाटी लावली, 'निसर्ग'. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आप्पा वरून पुटपुटला, पण म्हाताऱ्यांचं कोण ऐकतं? रोज सकाळी मुलं जंगलातून रांगेनं येत आणि फाटकातून निसर्गात शिरत. मैनेला सगळे मॅडम म्हणू लागले.

वर्ग फार छान चालायचा, खोटं कशाला बोलू. मुलं पानाला हात लावायची, मातीचा वास घ्यायची, दगड गोळा करून लहानमोठे लावायची. मग मॅडम विचारायच्या आणि मुलांनी सांगायचं. नियम दोनच. बोलण्याआधी खूर वर करायचा. आणि पूर्ण वाक्यात बोलायचं.

"पान," टिकली पहिल्या आठवड्यात म्हणाली.

"पूर्ण वाक्यात."

"पान आहे."

"कसं आहे?"

टिकलीनं पान चघळून बघितलं. ते जून होतं, थोडं तुरट होतं आणि त्याला मुंग्यांचा वास येत होता. पण मॅडमनी कुंपणावर टांगलेल्या तक्त्यात पान हिरवं होतं.

"पान हिरवं आहे," ती म्हणाली.

कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या रेवाचा जीव भांड्यात पडला. ती रडली. मुलगी बोलली, बाळांनो, आठ महिन्यांनी बोलली, आणि आई रडली यात हसण्यासारखं काही नाही. मीही हसत नाही.

एकच अडचण होती. आप्पा. तो त्याच ऐनावर बसायचा आणि मधूनच खोकायचा. खरा खोकला कुठला आणि पहाऱ्याचा 'खॅक' कुठला, हे मुलांना बरोब्बर कळायचं, पण खऱ्या खोकल्यालाही त्यांचे कान फिरायचेच. दोनदा तर तो खरंच 'खॅक' म्हणाला आणि अख्खा वर्ग कुंपणाला धडकला. मातीचे नमुने सांडले.

मॅडमनी पुन्हा सभा घेतली. "आता आपला श्रवणकौशल्याचा तास सुरू होतोय," त्या म्हणाल्या. "त्याला संपूर्ण शांतता लागते. या गृहस्थांनी दुसरीकडे बसावं."

सगळे रेवाकडे बघू लागले, कारण आप्पाच्या झाडाखाली जन्म काढलेली तीच होती. मॅडमसमोर रेवा नेहमी शुद्ध बोलायची.

"मुलांच्या प्रगतीसाठी आपण सहकार्य केलं पाहिजे," ती म्हणाली.

आप्पानं तिच्याकडे बघितलं. मग शेपटी सावरली आणि तो नाल्यापलीकडच्या मोहावर जाऊन बसला. तिथून ऐनाखालचं गवत दिसत नव्हतं. जाताना तो एवढंच म्हणाला, "पोरीले सांभाळजो."

श्रवणाचा तास अगदी शांततेत होऊ लागला. महिन्याभरात टिकली सात-सात शब्दांची वाक्यं बोलायला लागली. तिचे कान आता फिरत नसत. ते मॅडमच्या दिशेनं स्थिर असायचे, आणि मॅडमनी तिच्या प्रगतिपुस्तकात 'एकाग्रता वाढली' असं लिहिलं.

मग प्रगती प्रदर्शनाचा दिवस आला. पालकांना आत बोलावलं. रेवा सगळ्यात पुढे, मॅडमच्या अगदी शेजारी, पाठ गवताकडे करून बसली. तिनं सकाळी नाल्यावर जाऊन अंग चाटून पुसून घेतलं होतं. समोर उभं राहून प्रत्येक मुलानं निसर्गात दिसणाऱ्या एका गोष्टीचं वर्णन करायचं होतं.

सशाच्या मुलानं मशरूमचं केलं. डुकराच्या पिल्लानं मातीचं केलं आणि थोडी खाल्ली. टाळ्या झाल्या. मग टिकली पुढे आली.

तिनं समोर बघितलं. आईच्या मागे, उंच गवतात, एक शेपटीचं टोक हललं.

टिकलीच्या गळ्यात काहीतरी आलं. तोकडं, जुनं, न शिकवलेलं. तोंड उघडलं आणि "क्या..." एवढंच बाहेर पडलं.

"खूर वर," मॅडम म्हणाल्या.

टिकलीनं खूर वर केला.

"आता पूर्ण वाक्यात."

"बिबट्या आहे."

"छान. कसा आहे? कुठे आहे?"

टिकलीनं आईकडे बघितलं. आईचे डोळे भरून आले होते. आई मान हलवून म्हणत होती, सांग, बाळा, सांग. टिकलीला वाटलं, आई सांगतेय म्हणजे वाक्य पूर्ण केलं की सगळं ठीक होईल. लहान मुलांना असंच वाटतं. त्यांच्याजवळ मोठ्यांवर विश्वास ठेवण्याशिवाय दुसरं काय असतं?

"पिवळ्या रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा, सुंदर बिबट्या," टिकली एका दमात म्हणाली, "माझ्या आईच्या मागे गवतात बसला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं लांब वाक्य त्या जंगलात कुणाच्या मुलानं म्हटलं नव्हतं. रानडुकरानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. रेवा तर सगळ्यांकडे वळून वळून बघत होती, माझी आहे म्हणून. गवताकडे तेवढी ती वळली नाही.

बिबट्या वाक्य संपेपर्यंत थांबला होता. त्याच्याबद्दल इतकं चांगलं कधी कुणी बोललं नव्हतं. मग तो उठला.

"क्याँव!"

हे मात्र टिकलीनं खूर वर न करता म्हटलं. पूर्ण गळ्यानं म्हटलं. नाल्यापलीकडून आप्पाचा 'खॅक' आला, आणि सगळ्यांच्या पायांना जुनी रीत एकदम आठवली. ससे कुंपणाखालून गेले, डुकरांनी कुंपणच पाडलं, पाडसं त्यावरून उडी मारून गेली. मॅडम उडून गेल्या. त्यांना पंख होते.

सगळे वाचले. रेवा तेवढी उठू शकली नाही. एका वाक्याचा उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी मैना कुंपणाच्या मोडक्या बांबूवर येऊन बसली. तिला मनापासून वाईट वाटत होतं, तसं तिनं सांगितलंही, पूर्ण वाक्यात. मग तिनं टिकलीचं प्रगतिपुस्तक भरलं. 'वर्णन उत्कृष्ट. धीटपणा उत्तम. शेवटचं वाक्य अपूर्ण.' महिन्याभरात तिनं पलीकडच्या जंगलात नवा वर्ग काढला. आमची विद्यार्थिनी प्रत्यक्ष बिबट्याचं वर्णन करते, असं तिथल्या पालकांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. फाटकापाशी रांग लागली. मुलं एका जागी शांत बसतात, ही पद्धत फार आवडली, असा अभिप्राय बिबट्यानं दिला.

आप्पा पुन्हा ऐनावर येऊन बसला. संध्याकाळी टिकली खाली येऊन उभी राहिली. त्यानं एक अर्धं खाल्लेलं फळ टाकलं. तिनं ते हुंगलं, पण खाल्लं नाही.

"बोल नं पोरी, काईतरी," आप्पा म्हणाला.

टिकली बोलली नाही. तिचे कान मात्र फिरत होते, एक नाल्याकडे, एक गवताकडे.

तात्पर्य : मूल काय सांगतंय याकडे लक्ष देऊ नये. ते नीट सांगतंय का, तेवढं पाहावं. बाकीचं बिबट्या बघून घेतो.