समुद्राचा चार्ज

आमचा यशवंत समुद्रकिनारा सोडताना रीतसर चार्ज देतो. "लाटा नॉर्मल हायत, वारा जरा जास्त हाय, डावीकडच्या कुत्र्यावर लक्ष ठेव," असं मला सांगतो आणि मी 'घेतला चार्ज' म्हणेपर्यंत जागेवरून हलत नाही. त्यानंतरच तो चहाला जातो.

रेवदंड्याला आम्ही आराम करायला आलो होतो. पहिल्याच सकाळी मी उशिरा उठलो, तर खोली देणाऱ्या काकू म्हणाल्या, "तुमचा दोस्त उजाडायच्या आधीपासून वाळूत बसलाय. पोहे निवले." मी धावत गेलो. हे महाशय पायात सेफ्टी शूज घालून पाण्याकडे बघत बसले होते.

"रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय," तो म्हणाला.

"अरे, समुद्र कुठं पळून जातोय?"

"तसं नाय लेखक. बंद करता येत नाय, म्हंजे प्लांट चालू हाय."

यशवंत गडबचा, मी पेणचा. कॉलेज संपल्यावर तो रोह्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर लागला आणि मी कामगार संघटनेची पत्रकं लिहायला लागलो. त्याच्या कंपनीच्या गेटवर मी ती वाटायचोही. माझं प्रत्येक पत्रक तो आदरानं घ्यायचा, चार घड्या घालायचा आणि डब्याखाली ठेवायचा. "तुझा कागद चांगला हाय. तेल पितो," हा त्याचा अभिप्राय. माझ्या लेखनाला एवढा प्रामाणिक अभिप्राय दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

ही कंपनी म्हणजे, साहेबांच्या भाषणानुसार, एक कुटुंब. सुरक्षा दिनाला कुटुंबाला एक टोपी आणि दोन लाडू मिळतात. मात्र या कुटुंबात कायम नोकरीतल्या मुलांचं हेल्मेट पिवळं आणि कंत्राटी मुलांचं निळं. ॲसिडला हा फरक अजून कळलेला नाही, साहेबांना कळतो. दिवाळीच्या तोंडावर कंत्राटदार बदलला, नव्यानं आपली माणसं आणली आणि निळ्या हेल्मेटवाल्यांचे गेटपास परत घेतले. यशवंतही त्यातच गेला. कुटुंबातून माणूस काढायला एवढा कमी वेळ लागतो, हे कुठल्याही भाषणात सांगत नाहीत.

यशवंतनं हे घरी सांगितलंच नाही. त्याची आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, हा डबा घेऊन रोह्याला जायचा, स्टेशनच्या बाकावर शिफ्ट भरायचा आणि संध्याकाळी थकून परत यायचा. खरोखर थकून. रेवदंड्याची ही सहलही घरी 'कंपनीचं ट्रेनिंग' म्हणून सांगितली होती. माझ्याशी करार एवढाच झाला होता की परतीची एसटी पकडण्याआधी त्यानं आईला फोनवर खरं सांगायचं. "घरात तोंडासमोर जमत नाय," तो म्हणाला होता. "समुद्राकडं बघून जमंल."

आज सहलीचा शेवटचा दिवस होता. किनाऱ्यावर मुंबईची माणसं घाईघाईनं आराम करत होती. यशवंत सकाळी म्हणाला, "आता आये पाणी भरत असंल." दुपारी म्हणाला, "आता जरा आडवी झाली असंल." चार वाजता म्हणाला, "आता कोंबड्या डालत असंल."

"चार वाजता, एवढ्या उजेडात कोण कोंबड्या टोपलीखाली डालतं?" मी भडकलो. "तू कशाला लाजतोस? लाजायचं त्यांनी! सरळ सांग, आई, या नफेखोर भांडवलशाहीनं मला…"

"आये विचारील, ही कुनाची पोर? नि तिच्या नादाला कशाला लागलास?"

"मग मी या प्रकरणावर पत्रक काढतो."

"काढ. पन माजं नाव टाकू नको. आयेला वाचता येतं."

शेवटी एसटी स्टँडवर बस लागली. लोक चढायला लागले, तसा यशवंत मागं सरला आणि त्यानं फोन लावला. स्पीकर चालू करून मला म्हणाला, "तू हितंच उभा राहा."

"आये, उद्या पहाटे उठू नको गो."

"का रं? शिफ्ट बदलली?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर सुटला असता. मला वाटलं, आता म्हणतोच.

"शिफ्टच नाय, आये. काढला मला. दिवाळीच्या आधीच काढला. तू काळोखात चुलीपाशी बसायचीस नि मी त्या भाकऱ्या स्टेशनवर बसून खायाचो. घास उतरायचा नाय. पन डबा भरलेला परत आणला असता, तर तुला कळलं असतं."

माझ्याकडे या प्रसंगासाठी तीन-चार जळजळीत वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं, तर यशवंतनं हातानंच थांबवलं.

"यशा," आई म्हणाली, "वालांना मोड आलेत. उद्या बिरडं करायचं हाय. सोलायला बस माज्याशेजारी. एकटीला लय वेळ लागतो."

"किती वाजता येऊ?"

"येतोस कुठनं? घरातच असशील ना रं. आधी नीज पोटभर."